वाचकांचे प्रश्न: ब्राउझरमधलं काय काय गायब करायचं?

प्रश्न: मी आणि एक मित्र मिळून इलेक्ट्रॉनवर (वेबपेजच्याच तंत्राने कंप्युटरवरची ॲप बनवायचं साधन) स्वतःचा छोटासा ब्राउझर बनवतोय. माझं म्हणणं, उघडल्यावर नुसतं वेबपेज दिसायला हवं. टॅब, बटणं, ॲड्रेस बार सगळं लपलेलं, माउस वर नेला की खाली सरकून येईल. मित्र म्हणतो असं केलंस तर कोणी वापरणार नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर: मित्राचं, पण अर्धंच. टॅब लपवा, मागे-पुढे जायची बटणं लपवा (तसंही बरेच जण ऑल्ट आणि डावा बाण दाबून नाहीतर ट्रॅकपॅडवर बोटं सरकवून मागे जातात), बुकमार्कची पट्टी तर ठेवूच नका. पण आत्ता कुठल्या साइटवर आहोत ते नाव मात्र कायम दिसू द्या, बारीक अक्षरात का होईना.

कारण असं की वेबपेजला जो चौकोन मिळतो त्यात ते काहीही काढू शकतं, अगदी तुमच्याच ब्राउझरसारखा हुबेहूब दिसणारा खोटा ॲड्रेस बारसुद्धा, त्यात बँकेचं नाव, सुरक्षिततेचं कुलपाचं चिन्ह, सगळं. त्याला हात लावता येत नाही तो फक्त त्या चौकोनाबाहेरच्या जागेला, आणि तुम्ही नेमकी तीच जागा काढून टाकताय. एखादी साइट फुलस्क्रीन झाली की ब्राउझर वर सूचना दाखवतात ना, ती यासाठीच. कॅमेरा-माइकची परवानगी विचारणारी खिडकीसुद्धा बारला चिकटून, थोडी त्याच्यावर चढलेली काढा, म्हणजे ती पेजने काढलेली नाही हे कळतं.

आता नाव दिसलं म्हणजे लोक फसायचे थांबतात असंही नाही हं. गूगलने 2020 मध्ये क्रोममध्ये पूर्ण पत्त्याऐवजी फक्त डोमेन, म्हणजे साइटचं मूळ नाव, दाखवायचा प्रयोग केला होता आणि सुरक्षेच्या आकड्यांत काही फरक पडेना म्हणून 2021 मध्ये गुंडाळला. पण ज्याला बघायचंय त्याला बघायला तरी मिळालं पाहिजे.

माउस वर नेला की सरकून येणं मला स्वतःला फारसं आवडत नाही. साइटचा मेनूही वरच असतो, त्याच्यावर क्लिक करायला गेलं की तुमची पट्टी मध्ये टपकते, चिडचिड होते. टचस्क्रीनवर तर नुसता माउस नेणं हा प्रकारच नाही. ठेवायचंच असेल तर थोडं थांबून उघडा, पट्टी पेजच्या वर तरंगू द्या, पेजला खाली ढकलू नका, नाहीतर प्रत्येक वेळी अख्खं पेज हलतं आणि वाचणाऱ्याची ओळ हरवते. आणि कंट्रोल अधिक एल दाबल्यावर ॲड्रेस बार आलाच पाहिजे, यात तडजोड नको, लोकांच्या बोटांना ती सवय झालेली असते.

अजून एक, टॅब वर ठेवले तर अगदी स्क्रीनच्या कडेला टेकवा. कडेला माउस आपोआप अडतो त्यामुळे नेम धरावा लागत नाही (निशाणा लहान किंवा लांब असला की वेळ जास्त लागतो हा फिट्सचा नियम 1954 सालचा). सुंदर दिसतं म्हणून वर दोन पिक्सेलची फट सोडलीत की हा फायदा संपला.

प्रश्न: सेटिंग किती द्यायची? प्रत्येकाला हवं तसं करता आलं पाहिजे असं वाटतं.

उत्तर: वाटणं ठीक आहे, पण बहुतेक लोक सेटिंग उघडतच नाहीत, त्यांच्यासाठी तुम्ही पहिल्यांदा जे दाखवाल तोच ब्राउझर. त्यामुळे दोघांचं एखाद्या गोष्टीवर जमत नाहीये म्हणून तिथे एक चेकबॉक्स टाकून मोकळं होणं, हा मोह आवरा. बटणं ओढून हलवता येणं, शॉर्टकट बदलता येणं, रंग आणि अक्षरांचा आकार, एवढ्यात बऱ्याच जणांचं भागतं.

ज्यांना खोलात जायचंय त्यांना एक सीएसएस फाइल (रंग, आकार, जागा असं दिसणं ठरवणारी) द्या. फायरफॉक्समध्ये युजरक्रोम नावाची अशी फाइल आहे, 69व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून, ती आधी अबाउट कॉन्फिग नावाच्या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन चालू करावी लागते. तिथली खरी डोकेदुखी म्हणजे ब्राउझरच्या भागांची आतली नावं अपडेटबरोबर बदलतात आणि लोकांनी मेहनतीने केलेली सजावट मोडते. तुम्ही पट्टीची उंची, रंग, कडा अशांसाठी मोजकी व्हेरिएबल (किंमत बदलता येईल अशी ठरलेली नावं) ठरवा आणि ती नावं बदलणार नाही असं लिहून द्या. शिवाय सगळं पूर्ववत करणारा एक शॉर्टकट असा ठेवा जो कोणालाच बदलता येणार नाही, कारण कोणीतरी सगळी बटणं लपवून सेटिंगचं बटणही लपवणार, हे नक्की धरून चला.

प्रश्न: टॅब उभे की आडवे?

उत्तर: वीस-तीस उघडे ठेवत असाल तर उभे, नावं वाचता येतात. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये 2021 पासून आहेत, फायरफॉक्समध्ये मार्च 2025 च्या 136व्या आवृत्तीत आले. पाच-सहाच असतील तर रुंदी फुकट जाते, आडवेच ठेवा.