आयटीआयचा सिलॅबस बदलतं कोण? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: मी सरकारी आयटीआयत फिटरचा शिल्प निदेशक म्हणजे शिकवणारा आहे. २०१३ ला सेमिस्टर पॅटर्न आणला, २०१८ ला परत वार्षिक केला. दोन्ही वेळा आम्हाला कुणी विचारलं नाही. हे ठरतं कुठे?

सर, दिल्लीत. कोर्स किती वर्षांचा, सिलॅबस काय, परीक्षा कशी हे सगळं डीजीटी म्हणजे केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय ठरवते, ती २०१५ पर्यंत कामगार मंत्रालयाकडे होती आता कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे, आणि तिच्याही वर नियामक म्हणून एनसीव्हीईटी ही राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद आहे. सिलॅबस तयार करायचं काम कोलकात्याच्या सीस्टारी या संस्थेकडे. राज्याच्या डीव्हीईटीकडे, म्हणजे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे, उरतं काय तर ॲडमिशन, इमारती, तुमची भरती, बदली आणि पगार. तुमच्या ट्रेडच्या सिलॅबसची पीडीएफ उघडून शेवटची पानं बघा, तिथे कमिटीतल्या तज्ज्ञांची नावं असतात. कंपन्यांचे लोक आणि खात्याचे अधिकारी भरपूर दिसतील, रोज वर्कशॉपमध्ये उभा राहून पोरांकडून फाइलिंग म्हणजे कानशीने घासकाम करून घेणारा माणूस त्यात किती आहे ते मोजा. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते, कारण सिलॅबसमधला जॉब म्हणजे प्रात्यक्षिकाचं काम दिलेल्या तासात बसतो का, त्यासाठी मशीन चालू आहे का, मटेरियल येतं का हे फक्त त्यालाच माहीत असतं.

प्रश्न: भोसरीत माझं १२ कामगारांचं वर्कशॉप आहे. "इंडस्ट्रीला विचारून कोर्स केले" असं ऐकतो, ही इंडस्ट्री म्हणजे कोण?

बहुतेक वेळा मोठ्या कंपन्या आणि त्यांच्या संघटना. शॉर्ट टर्म कोर्सचे निकष सेक्टर स्किल कौन्सिल म्हणजे एकेका उद्योगक्षेत्राच्या परिषदा बनवतात, २००८ ला एनएसडीसी म्हणजे राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ आलं त्यानंतर या उभ्या राहिल्या. सरकारनेच नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने २०१६ मध्ये यांच्यावर कडक टीका केली, हितसंबंधांचा घोळ दाखवला आणि या कौन्सिल बंदच करा असं सुचवलं. त्या अजून चालू आहेत. तुमच्यासारख्याला तिथे खुर्ची नाही हे खरंच आहे, पण ॲप्रेंटिस घ्यायला तुम्हाला कुणाची आडकाठी नाही. ३० किंवा जास्त माणसं असतील तर सक्ती, ४ ते २९ मध्ये ऐच्छिक. स्टायपेंडचा २५ टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये महिना, केंद्र सरकार देतं. घ्याच एखादा पोरगा.

प्रश्न: कामाच्या प्रशिक्षणात जर्मनीचं एवढं कौतुक का करतात?

मशीनसाठी करतात, करायला पाहिजे टेबलासाठी. तिथे बीआयबीबी नावाच्या, व्यवसाय प्रशिक्षण बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या मुख्य समितीत मालक, कामगार संघटना, राज्यं आणि केंद्र या चौघांना सारखी मतं. ट्रेडचा नियम बदलायचा तर युनियनने पाठवलेला माणूस मसुदा लिहायलाच बसतो. आपण त्यांचं दुहेरी प्रशिक्षण, म्हणजे थोडं संस्थेत थोडं कंपनीत, २०१६ ला उचललं, युनियनची खुर्ची तेवढी तिकडेच राहिली.

प्रश्न: मुलगी इलेक्ट्रिशियनला आहे. पालक म्हणून मी यात काय करू शकते?

ताई, दिल्लीत आपला हात पोचत नाही पण तुमच्या आयटीआयत पोचतो. सरकारी आयटीआय असेल तर आधी विचारा की ती २००७-०८ च्या पीपीपी म्हणजे सरकार आणि कंपन्यांच्या भागीदारीच्या योजनेत होती का. योजना देशातल्या १३९६ आयटीआयसाठी होती, प्रत्यक्षात १२२७ आयटीआयना त्यात प्रत्येकी अडीच कोटी बिनव्याजी कर्ज मिळालं होतं, आणि पैसा कुठे लावायचा ते ठरवायला प्रत्येक ठिकाणी आयएमसी म्हणजे संस्था व्यवस्थापन समिती आली. अध्यक्ष कंपनीचा, प्राचार्य सचिव, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या रचनेत एक ज्येष्ठ निदेशक आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधीसुद्धा आहे आणि हे पोरांना कुणी सांगतच नाही! तेव्हा प्राचार्यांना भेटा, सध्याचा विद्यार्थी प्रतिनिधी कोण, शेवटची मीटिंग कधी झाली, इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपला किती पैसे मंजूर झाले ते विचारा, इतिवृत्ताची प्रत मागा. नाही दिली तर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका, आणि प्रतिनिधीची जागा रिकामी निघाली तर मुलीचं नाव तुम्हीच सुचवा.