काकूंचा मंगळ

लग्नाचे मुहूर्त हल्ली शनिवार-रविवारचेच जास्त निघतात. ग्रहांनाही पाच दिवसांचा आठवडा लागू झाला असावा. आधी कार्यालय कधी मोकळं आहे ते बघायचं, मग गुरुजींना फोन करायचा, आणि गुरुजीही पंचांग चाळून ‘बारा सदतीस चालेल’ म्हणतात. चातुर्मास आडवा आला तर काढीव मुहूर्त असतातच. आणि त्या बारा सदतीसला नवरदेव कुठे असतो? बाहेर रस्त्यावर, मित्रांच्या खांद्यावर, बँडसमोर. माझी रविवारची कल्पना म्हणजे दुसरा चहा, शब्दकोडं आणि लोळणं. पण मी समुपदेशक, त्यामुळे लगीनसराईत रविवारी अक्षता आणि सोमवारी केबिनमध्ये पत्रिका, असं माझं चक्र चालतं.

‘मॅडम, मंगळ आहे, काय करायचं?’ हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. विचारणारी बहुतेक वेळा मुलगी असते, आणि पत्रिका तिला स्वतःला अजिबात पटत नसते. तिला हवं असतं ते आईला पटवून देणारं कुणीतरी. ही गोष्ट अशाच एका मुलीची, आणि खरं तर तिच्या आईची. दोघींची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलीला लेक म्हणू, आईला काकू. काकू मला ‘ताई’ म्हणायच्या, मी त्यांना काकू.

लेक एकोणतीस वर्षांची, पुण्यात नोकरी करणारी. लग्न तिनंच जमवलेलं. मुलगा चांगला, त्याच्या घरचे पत्रिका बघणारे नाहीत. काकूंनीही दोन महिने काही हरकत घेतली नव्हती. मग साखरपुड्याची तारीख ठरली आणि त्यांचं जेवण कमी झालं. रात्री दोनला उठून बसायच्या. आणि एके दिवशी म्हणाल्या, ‘तुला मंगळ आहे, त्याला नाही. त्या मुलाच्या जिवाशी खेळ नको.’

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. ठरवून होणाऱ्या लग्नांत ‘पत्रिका जुळत नाही’ हा आपल्याकडचा सभ्य नकार आहे. मुलगा आवडला नाही, घर लहान वाटलं, कुठून काही कानावर आलं, तर कुणाचं मन न दुखावता बाहेर पडायला पत्रिकेसारखी सोय नाही. त्यामुळे आईनं अचानक मंगळ काढला की मी आधी विचारते, मुलगा पसंत आहे ना? लेक म्हणाली, ‘आईला तो माझ्यापेक्षा जास्त आवडतो. तोच तर घोळ आहे.’

त्या मुलानं मात्र काकूंना सरळ करायचा प्रयत्न स्वतःच करून पाहिला होता. इंजिनिअर माणूस. त्यानं त्यांना २००८ सालच्या पुण्यातल्या चाचणीचा लेख पाठवला. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांची ही चाचणी. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र करून ज्योतिषांना दिल्या होत्या, प्रत्येकी चाळीस. कोणती कुणाची ते ओळखायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. मुद्दा बिनतोड. काकूंनी लेख शेवटपर्यंत वाचला आणि लेकीला म्हणाल्या, ‘जावई उंबरा ओलांडायच्या आधीच मला मूर्खात काढतोय.’ पुढे आठवडाभर अबोला.

दुसऱ्या सत्राला मायलेकी दोघी आल्या. काकू सत्तावन्न वर्षांच्या, पतसंस्थेत हिशेब सांभाळून निवृत्त झालेल्या. हे कळल्यावर मला जरा चेव आला, कबूल करते. मी कागद पुढे ओढला. म्हटलं, काकू, पत्रिकेत घरं बारा. पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं, यांपैकी कुठेही मंगळ असला की मंगळाची पत्रिका. म्हणजे बारातली पाच. शंभरात जवळजवळ बेचाळीस माणसं. तुमच्या सोसायटीत घरं किती?

त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि खरंच गुणाकार केला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘आकडा बरोबर आहे. पण ताई, त्यातले निम्मे निर्दोष म्हणून सुटतात. अमुक राशीत असला तर चालतो, गुरूची दृष्टी असली तर चालतो. सुटायला हवं असलं की सोडवतात.’ नाडीचंही तसंच, म्हणाल्या. सत्तावीस नक्षत्रं, तीन नाड्या, प्रत्येकीत नऊ. कुठलीही दोन माणसं उभी केलीत तरी तीनातून एकदा एकनाड, म्हणजे दोघांची नाडी एकच, निघायचीच, आणि छत्तीस गुणांतले आठ गेले. हे गणित त्यांना माझ्याआधी पाठ होतं. आणि मग कागदाकडे बघत, सहज बोलल्यासारखं, ‘आणि अगदीच सुटत नसला तर वेळ बदलतात.’

लेक हसली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेन माझ्या वहीवर अगदी सरळ रेषेत ठेवलं.

पुढचं सत्र मी त्यांच्या एकटीबरोबर मागितलं.

त्या दिवशी पर्समधून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली पत्रिका काढली. चार घड्या, चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू, घडीवर कागद विरलेला. मला वाटलं लेकीची असेल. ती त्यांची स्वतःची होती, आणि तिच्या आत दुसरी, तीही त्यांचीच. एकीवर जन्मवेळ पहाटे चार वीस. दुसरीवर, वडिलांच्याच अक्षरात, सहा तीस. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. चार वीसला मंगळ सातव्या घरात होता, सहा तीसला तो सहाव्यात गेला. चंद्राचं नक्षत्र तेवढ्या वेळात बदललं नाही, त्यामुळे गुण अठ्ठावीस होते ते अठ्ठावीसच राहिले. दोन तास दहा मिनिटांत मुलगी निर्दोष झाली आणि स्थळ जमलं.

लग्नानंतर तेरा वर्षांनी नवरा गेला. चव्वेचाळीसाव्या वर्षी.

‘माझ्या वडिलांनी फसवलं आणि मी गप्प बसले,’ काकू म्हणाल्या. ‘लग्नाच्या आदल्या रात्री आईनं मला सांगितलं होतं. मी तेव्हा बोलले असते तर तो आज कुणाचा तरी नवरा म्हणून जिवंत असता.’

अठरा वर्षं हे वाक्य त्यांनी कुणालाही ऐकवलं नव्हतं. लेकीची पत्रिका त्यांनी कधी कुणाला करू दिली नव्हती. साखरपुडा ठरल्यावर मात्र राहवलं नाही, शेजारच्या गावात जाऊन गुपचूप करून आणली. सातव्या घरात मंगळ.

इथे बेचाळीस टक्क्यांचा काय उपयोग? मी नारळीकरांचं नाव काढलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या आणि योग्यच केलं असतं. मी एवढंच म्हटलं, काकू, मंगळाचं राहू द्या. ते दोन दिवस सांगा.

शनिवार होता. सकाळपासून नवऱ्याच्या छातीत जळजळत होतं. त्यानं अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली. संध्याकाळी डाव्या हाताला मुंग्या. काकू म्हणाल्या, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, सुटीच्या दिवशी कुठला डॉक्टर, सोमवारी दाखवतो. रविवारी सकाळी पुन्हा म्हणाल्या. तो म्हणाला, पोहे कर. पोहे केले. दुपारी तो बाथरूममध्ये पडला. दिवसाला वीस सिगारेटी ओढायचा. त्याचे वडीलही पन्नाशी न गाठता हृदयविकारानंच गेले होते. मग त्यांच्या वेळी मंगळ कुणाच्या पत्रिकेत होता, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. गिळला. तो प्रश्न विचारून मी जिंकले असते, काकू तिथेच राहिल्या असत्या.

त्याऐवजी विचारलं, ‘दोन दिवसांत तुम्ही किती वेळा डॉक्टरकडे चला म्हणालात?’

त्यांनी बोटं मोजली. ‘चारदा. नाही, पाचदा. रात्री झोपतानाही म्हटलं होतं.’

मग बराच वेळ त्या बोटांकडेच बघत राहिल्या. रडल्या नंतर, घरी जाऊन, असं लेकीनं सांगितलं.

पुढे आणखी चार सत्रं झाली. झोप उडालेली होती म्हणून मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. थोड्या दिवसांच्या औषधानं रात्र सावरली. आई-वडील जेवत-झोपत नसतील तर ‘अंधश्रद्धाळू आहेत’ म्हणून सोडून देऊ नका, ती तब्येतीची गोष्ट असते. लेकीला दोन पत्रिकांचं मी सांगितलं नाही, तो माझा अधिकार नव्हता. काकूंनी स्वतः सांगितलं, एका संध्याकाळी भाजी निवडताना. लेक एवढंच म्हणाली, ‘आजोबांचं अक्षर किती सुरेख होतं ना गं.’ मला ती मुलगी तेव्हापासून फार आवडते.

तडजोडी झाल्या. कुंभविवाहाला लेकीनं साफ नकार दिला, आणि मी तिच्या बाजूनं होते. मडक्याशी लग्न लावून मुलीचा दोष काढायचा यात मुळात मुलगी सदोष आहे हे मान्य करावं लागतं. काकूंना अमळनेरच्या मंगळग्रह मंदिरात अभिषेक करायचा होता. त्याला लेक तयार झाली. फक्त म्हणाली, शनिवार-रविवारी उरकू. काकू म्हणाल्या, मंगळाला मंगळवारीच जायचं असतं. दोघी माझ्याकडे न्यायाला आल्या. मी सांगितलं की रजेचा अर्ज हा माझा विषय नाही. शेवटी होणाऱ्या जावयानंही रजा टाकली आणि गाडी त्यानंच चालवली, लेखाची भरपाई म्हणून. वाटेत कुणीही विज्ञानावर बोलायचं नाही ही अट त्यानं स्वतःच घातली.

काही वाचक म्हणतील, म्हणजे तुम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घातलंत. माझं मत असं की ज्या विधीत कुणाचा अपमान नाही, कुणाची लूट नाही आणि ज्यामुळे लग्न अडत नाही, त्यावरून आईशी भांडण्यात अर्थ नाही. दुसऱ्या टोकाची उदाहरणं मी पाहिली आहेत, शांतीच्या नावानं कर्ज काढलेली. तिथे मी पाय रोवून उभी राहते. आणि घरात पत्रिकेचा हट्टच असेल तर कायदा तरी ध्यानात असू द्या. १९५५चा हिंदू विवाह कायदा असो, नाहीतर तीस दिवसांच्या नोटिशीचा १९५४चा विशेष विवाह कायदा, गुणमेलनाची अट दोन्हींत नाही. पुण्यात सत्यशोधक पद्धतीची, भटजीविना लग्नं १८७३ सालापासूनच लागू लागली होती. मुहूर्ताशिवाय संसार होतात हे आपल्याला दीडशे वर्षं ठाऊक आहे.

सगळं मार्गी लागलं असं वाटलं आणि मग लेक एकदा तणतणत आली. काकूंनी धाकट्या जावेला परस्पर सांगून टाकलं होतं की कन्यादान तुम्ही दोघं करा. घाण्याला, हळदीला पाच सवाष्णी कोण तेही ठरवलं होतं. स्वतः मागे, स्वयंपाकघराच्या बाजूला थांबणार. ‘शुभकार्यात उगाच कशाला,’ म्हणे. मंगळ गेला, वैधव्य राहिलं.

मी हेरवाडचं सांगून पाहिलं. कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं इतर गावांनाही तसं आवाहन केलं. काकू म्हणाल्या, ‘चांगलं आहे. पण ठराव करून मन होतं का?’

अडलेली गाडी सोडवली ती गुरुजींनी. वय बत्तीस, स्कूटरवरून येणारे, कानात ब्लूटूथ. विधींची यादी करायला घरी आले आणि कन्यादान कोण करणार हे विचारल्यावर घरात शांतता पसरली. लेकीनं सरळ सांगितलं. गुरुजी म्हणाले, ‘काकू, याज्ञवल्क्य स्मृतीत कन्या कुणी द्यावी याची यादी आहे. पिता पितामहो भ्राता सकुल्यो जननी तथा. वडील, आजोबा, भाऊ, कुळातला माणूस, आणि मग आई. आधीचे नसतील तेव्हा आईचाच अधिकार. वडील नाहीत तेव्हाच आईपर्यंत पाळी येते ना? म्हणजे लिहिणाऱ्यानं तुमच्यासारख्याच बाईचा विचार केलाय.’

‘पण कुळातले दीर आहेत,’ काकू.

दीर पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, ‘मला कंबरेचं दुखणं आहे. तेवढा वेळ पाटावर बसवणार नाही.’ जाऊबाई म्हणाल्या, ‘मी शेजारी बसते, तुम्ही पाणी सोडा.’

मला याचा थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. सात सत्रांत जे मला जमलं नाही ते दिरांच्या कंबरेनं केलं.

लग्न एका रविवारी झालं. लग्नपत्रिका आली होती, पण ज्यांच्यासोबत काम केलं त्यांच्या घरच्या कार्याला मी जात नाही. त्या दिवशी मी दुसरा चहा घेतला, कोडं अर्धवट सोडवलं आणि बारा सदतीसला घड्याळाकडे बघितलं.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. मंगळाबद्दल नव्हता. ‘ताई, आठवडा जातो हो, भिशी आहे, भजन आहे. रविवारचं काय करायचं? आधी हा नव्हता, पण ती होती. आता सकाळी एकटीसाठी पोहे करावेसे वाटत नाहीत.’

शनिवारी अकराला बोलावलंय. दिवस बघून नाही, तेवढीच वेळ रिकामी होती.