चौथी भाकरी कुणी खाल्ली?

वाचक विचारतात, ड्रिलबाई सांगतात

जानेवारीचा पहिला आठवडा आला की माझ्याकडं पत्रं वाढतात. मजकूर साधारण एकच. वजन, पोट, गुडघे, आणि "यंदा मात्र ठरवलंय बाई". डिसेंबरात मनातले मांडे खायला बेळगावकरांइतकं कोण तरबेज असणार? खरे मांडेही आपलेच. चौतीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकली, तेव्हा थोडं दरडावून लिहिलं तर रागावू नका.

प्रश्न : बाई, वय 47, उंची पाच फूट सहा इंच, वजन 88 किलो. शहापुरात कपड्याचं दुकान आहे. गेली चार वर्षं 1 जानेवारीला व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चालायला सुरू करतो. आम्ही सहा जण आहोत, रोज पाऊण तास चालतो. संक्रांतीपर्यंत एक दिवस चुकत नाही, पण वजन हलत नाही. गेल्या वर्षी तर अर्धा किलो वाढलं. मग अक्षतांचा सीझन येतो आणि सगळं सुटतं. आता उजवा गुडघाही बोलायला लागलाय. चुकतंय कुठं?
— एक दुकानदार, शहापूर

उत्तर : अण्णा, सगळं लिहिलंत, पण चालून झाल्यावर तुम्ही सहा जण कुठं जाता ते लिहिलं नाहीत. मी सांगू? मीही त्याच झाडीतनं चालते की ओ. कानटोप्या घातलेले तुमच्यासारखे चार-पाच घोळके रोज दिसतात. साडेसहाला फाटकातनं आत, सव्वासातला बाहेर, आणि साडेसातला हॉटेलच्या बाकड्यावर. उप्पीट, त्यावर एक उडीदवडा, "वडा बुडवूनच दे रे", आणि शेवटी कडक गोड चहा. थंडी इतकी की बशीतनं वाफ निघते. मला काय मोह होत नाही होय?

आता हिशेब करू. तुम्ही दुकानदार, तुम्हाला मी काय शिकवणार! 88 किलोचा माणूस गप्पा मारत पाऊण तास चालला तर सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. उप्पीट, वडा आणि साखरेचा चहा मिळून चारशेच्या वर सहज जातात. म्हणजे सकाळी आठ वाजता तुमचं खातं रोज दोनशेनं वाढलेलं, आणि घरी जाऊन नाष्टा व्हायचाच आहे. "चालून आलोय" म्हणून घरच्यांनी पोह्यांवर खोबरंही जास्त घातलेलं असणार.

ग्रुप मोडू नका. एकट्यानं चालणारा माणूस पहिल्या धुक्यात पांघरूण ओढतो, हे मी बघितलंय. हॉटेलची बैठक फक्त रविवारी ठेवा. इतर दिवशी बिनसाखरेचा चहा, तोही उभ्यानं. बसलं की वडा येतो.

दुसरी गोष्ट, घरी महिन्याला तेल किती लागतं ते वहिनींना विचारा. उलटतपासणीच्या सुरात नको, तुम्हीच किराणा आणत असाल तर बिलं काढा. चार माणसांत पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल, तर माणशी दिवसाला साधारण 38 ग्रॅम तेल पोटात जातंय. आहारतज्ज्ञ 20 ते 30 ग्रॅमच्या आत राहा म्हणतात. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी असतात, तेवढ्याच साखरेला चार. म्हणून जेवणात हात आखडायचा तर आधी तेलावर. कॅन पाचाऐवजी साडेतीन लिटरचा समजून घर चालवा. भाकरीला कुणी हात लावत नाही, चटणीवरच्या तेलाच्या धारेला लावा.

वजनकाट्याचा नाद दोन महिने सोडा. मोजपट्टी तुमच्या दुकानात गळ्यातच असते. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 सेंटिमीटरच्या वर धोका मानतात, बायकांसाठी 80 च्या वर. गिऱ्हाइकाची कंबर मोजताना जेवढे प्रामाणिक असता तेवढेच स्वतःशी असा. एकदम वीस किलोचं स्वप्न नको. 88 मधले चार-साडेचार किलो उतरले, म्हणजे पाच टक्के, तरी रक्तदाब आणि साखर दोन्हींत फरक पडायला लागतो. गुडघ्यालाही कळतं, कारण अंगावरचा एक किलो गेला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चार-एक किलो भार हलका होतो. तोवर डांबरी रस्ता टाळून मातीच्या वाटेनं चाला. रोज खुर्चीवरनं हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, असं दोनदा. दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा करा, पोरं हसतील तर हसू देत. गुडघा सुजत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

अक्षतांचं काय, हा तुमचा खरा प्रश्न, आणि यात मी स्वतः नापास झालेली आहे. ते सांगते.

पाट्यांवर बेळगावचं बेळगावी झालं, त्याच 2014 साली मी निवृत्त झाले. मैदान सुटलं, भूक सुटली नाही. दोन वर्षांत 58 किलोची 71 झाले. ड्रिलबाई आणि 71! जुने विद्यार्थी बाजारात भेटले की आधी पायांपासनं वर बघायचे. मग एका जानेवारीत शहरातल्या एका जिममध्ये वर्षाचे पैसे एकदम भरले, कारण एकदम भरले तर सूट होती. तिथल्या पोरानं मला पळायच्या पट्ट्यावर चढवलं, तिसऱ्या दिवशी पावडरीचा डबा पुढं केला आणि आठवड्यात पाच किलोची हमी दिली. मी एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी भाचीच्या लग्नाला निपाणीला गेले, परत आल्यावर "आता सोमवारपासून", आणि तो सोमवार काय आला नाही. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागचा बारीक मजकूर दाखवला.

त्या वर्षी मला माझी चूक कळली. मी रोज एक तासाचा नेम केला होता. लग्नाच्या दिवशी एक तास कुठनं येणार? नागा पडला, आणि एका नाग्यानं सगळंच बुडालं असं मन धरून बसलं. आता माझा नेम दहा मिनिटांचा आहे. मिळालं तर पाऊण तास चालते, नाही तर मंगल कार्यालयाच्या मागं दहा मिनिटं. सलग दोन दिवस नागा पडू देत नाही, एवढा एकच कडकपणा. जेवणात जिलेबी किंवा मसालेभाताची दुसरी वाढ, दोन्हींतलं एक. वाढपी आग्रह करतोच, पान झाकायला तुमचा हात तुमच्याजवळ आहे. आज मी 64 किलो आहे. 58 कधी होणार नाही, आणि तशी मला घाईही नाही.

प्रश्न : बाई, मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 39, वजन 76. घरात आम्ही सात माणसं. पहाटे पाचला उठते, वीस-बावीस भाकरी थापते, मग डबे, जनावरं, धुणं. मालक म्हणतात, "एवढं राबतेस, तुला आणि वेगळा व्यायाम कशाला?" सासूबाईंना बाईनं रस्त्यानं नुसतं चालत जाणं पटत नाही, लोक काय म्हणतील म्हणतात. मी तर सगळ्यांत कमी खाते. सगळ्यांचं झाल्यावर जेवते, ताटात दोन भाकरी. तरी वजन वाढतंय, जिना चढताना दम लागतो. नववर्षाचा संकल्प केलाय, पण कशाचा करू तेच कळेना.
— एक सून

उत्तर : तुझ्यापेक्षा वयानं मोठी आहे, म्हणून अगं-तुगं लिहिते.

आधी एक काम. दम लागतोय आणि वजन वाढतंय, म्हणजे हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर या तिन्ही तपासण्या करून घे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारशील तर वाट दाखवतील. रक्त कमी असेल किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर तू कितीही पळालीस तरी उपयोग नाही. मालकांना सांग, बाईंनी लिहूनच दिलंय.

आता तुझ्या दोन भाकऱ्या. तुझं पत्र वाचताना मला माझी आई दिसली. आई शेवटी जेवायची, ताटात दीड भाकरी. पण त्याआधी मोठ्या भावानं टाकलेला अर्धा चतकोर तिनं उचललेला असायचा. बाबांच्या ताटातली आमटी भातावर ओतून घेतलेली. तव्यावर एक भाकरी जरा करपली, ती कुणाला वाढायची, म्हणून चुलीपाशीच चटणीबरोबर संपवलेली. धाकट्यानं सोडलेलं दूध ग्लास विसळायच्या आधी प्यालेलं. आम्ही चौघी बहिणी तिला "आई, तू काही खातच नाहीस" म्हणायचो आणि तिलाही ते खरंच वाटायचं. ताटातलं तेवढंच जेवण, हातातलं मोजायचं नाही.

तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. एक आठवडा एवढंच कर. चुलीजवळ एक रिकामा डबा ठेव. जे जे उरलं म्हणून तू तोंडात टाकणार होतीस ते त्या डब्यात टाक. रात्री झाकण काढून बघ. ज्वारीच्या मोठ्या भाकरीला साठ-पासष्ट ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे सव्वादोनशे कॅलरीच्या आसपास. तुकड्या-तुकड्यानं तिसरी आणि चौथी भाकरी त्या डब्यात निघाली तर नवल वाटून घेऊ नको. डबा गोठ्यात रिकामा कर. अन्न वाया जात नाही, म्हशीच्या पोटात जातं. तुझं पोट उरलेलं ठेवायचं भांडं नव्हे. दुसऱ्या आठवड्यापासून पिठाचं माप एक मूठ कमी घे, म्हणजे उरणारच नाही.

आणि शेवटी जेवायचं बंद कर. सासूबाईंबरोबर बस. हे लिहायला सोपं, घरात अवघड, ठाऊक आहे मला. दुपारी तरी जमतं का बघ. अकरा वाजेपर्यंत नुसत्या चहावर राहणारी बाई दोन वाजता मोजून जेवेल हे शक्य नाही. तो चहा किती वेळा आणि साखर किती, तेही बघ. दोन चमचे साखर आणि पाच वेळा चहा झाला की पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी, महिन्याला दीड किलो साखर एकटीची! निम्मी कर. सकाळी मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, चालत असेल तर अंडं, काहीतरी पोटाला धरून राहील असं खा. हुलगे तर तुमच्या माळावर पिकतात. शंभर ग्रॅमला वीसाच्या वर ग्रॅम प्रथिनं, डब्यातली पावडर कशाला हवी?

मालकांचा प्रश्न बरोबर आहे, उत्तर मात्र दुसरं आहे. राबण्यानं माणूस थकतो, पण भाकरी थापताना, धुणं घासताना बराच वेळ तू एका जागी वाकून असतेस. कंबर मोडते, काळीज पळत नाही. व्यायामात श्वास वाढायला हवा, इतका की बोलता यावं पण ओवी म्हणता येऊ नये. एवढीच परीक्षा, घड्याळ नको. असं आठवड्यात दीडशे मिनिटं जमवायचं. रस्त्यानं नुसतं जायला बंदी आहे ना? मग कामानं जा. देवळात जा, लांबच्या वाटेनं. शेतात डबा पोचवायला तूच जा आणि गाडी नको म्हण. मुलाला शाळेत सोडून ये. हातात पिशवी असली की लोक काही म्हणत नाहीत. बाईच्या हातातली पिशवी म्हणजे परवाना आहे आपल्याकडं. आणि एक दिवस सासूबाईंनाच देवळापर्यंत बरोबर घे. त्यांचेही गुडघे आखडले असतीलच. त्या आल्या तर तुझा प्रश्नच मिटला.

उरलेल्या दिवशी घरच्या जिन्यावर खाली-वर, दम लागला की थांब. दहाव्या दिवशी किती पायऱ्यांवर थांबलीस ते कोळशानं भिंतीवर लिही.

प्रश्न : मॅडम, मी चिकोडीकडचा, वय 19. अग्निवीर भरतीची तयारी करतोय. 1600 मीटर पळायला जातो, पण माझं वजन सहा किलो जास्त आहे. रॅलीला सात आठवडे आहेत. मित्र म्हणतो भाकरी-भात बंद कर, प्लॅस्टिकचा रेनकोट घालून पळ आणि पावडर घे.

उत्तर : मित्राला सोबत नेऊ नको. रेनकोटात पळून जातं ते पाणी, चरबी नाही. संध्याकाळी दोन तांबे पाणी प्यालास की परत. उलट चक्कर येऊन मैदानावर पडशील. आपल्या भागातनं पिढ्यान् पिढ्या पोरं पलटणीत गेली, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे, कुणी रेनकोटात पळून भरती झालेलं मी ऐकलं नाही.

सात आठवड्यांत साडेतीन किलो नीट उतरतील, ओढून चार. सहाचा हट्ट धरलास तर पळायची ताकदच जाईल. आणि या रॅलीत मागं राहिलास तर पुढची आहे, तुझं वय आहे अजून. भाकरी ठेव, बेकरी सोड. खारी, बटर, क्रीम बिस्किट, बाटलीतलं रंगीत पाणी सगळं बंद. आठवड्यात तीन दिवस पळ, रोज नको. त्यात एक दिवस 400 मीटरचे चार फेरे जोरात, मधे चालत विश्रांती. मधल्या दिवसांत जोर-बैठका. गावात तांबड्या मातीची तालीम असेल तर वस्तादांच्या पाया पड आणि शिक. रात्री दहाला मोबाईल बाजूला.

प्रश्न : बाई, डाएट सुरू केलंय. कुंदा चालेल का?
— टिळकवाडी

उत्तर : मिठाईच्या दुकानात उभ्यानं, पन्नास ग्रॅम, महिन्यातनं एकदा. घरी डबा आणायचा नाही. पाहुण्यांसाठी म्हणून आणलेला डबा पाहुणे येईपर्यंत टिकल्याचं माझ्या घरात तरी एकदाही घडलेलं नाही.