तो १९ जानेवारीचा ईमेल

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं कास्टिंग मशिनिंगचं युनिट आहे, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी सात वर्षं एकाच पार्टनरकडे, म्हणजे ते विकणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या अधिकृत कंपनीकडे आहोत. टॅली त्यांच्याच क्लाउडवर चालतं, जॉबवर्क चलनासाठी (कामाला येणाऱ्या-जाणाऱ्या मालाचा कागद) टॅलीत आमच्या गरजेचे बदल, म्हणजे कस्टमायझेशनही त्यांनीच करून दिलंय. सपोर्टला फोन उचलत नाहीत म्हणून पुण्याचा नवा पार्टनर ठरवला. जुने म्हणतात, तीन वर्षांचा एएमसी (वार्षिक देखभाल) करार ३१ मार्चला आपोआप आणखी तीन वर्षांसाठी वाढलाय. वर्षाला १,८०,००० प्रमाणे ५,४०,००० रुपये भरा, त्याशिवाय बॅकअप मिळणार नाही. त्यांचं एप्रिलचं बिलही आलंय. ते भरून प्रकरण शांत ठेवावं का? की जानेवारीची तारीख घालून नोटीस पाठवावी?

उत्तर : अशी पत्रं मला दर एप्रिलला येतात. सॉफ्टवेअर वेगळं, गाव वेगळं, तक्रार तीच. फोन उचलत नाहीत, माणूस पाठवत नाहीत, ई-वे बिल अडकलं की दोन दिवस उत्तर नाही, हे तुम्ही अडीच पानं भरून लिहिलंय. ते खरं असेल, पण त्यावर तुमचा निकाल लागणार नाही. निकाल लागेल तो कलम ११.२ वर. तुम्हीच जोडलेल्या कराराच्या चौदाव्या पानावर ते आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा साधा उल्लेखही नाही. सही करताना हे पान वाचलं असतंत तर आज ही वेळ आली नसती, आणि हे मी रागाने नाही, कळवळ्याने सांगतोय.

कलम म्हणतं की मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी दोघांपैकी एकाने नोंदणीकृत डाकेने लेखी नोटीस दिली नाही, तर करार त्याच अटींवर तितक्याच मुदतीसाठी वाढेल. ३१ मार्चपासून ६० दिवस मागे मोजलं की ३० जानेवारी येते. त्या दिवसापर्यंत तुम्ही लेखी काही दिलं होतं का, एवढाच प्रश्न आहे. फेब्रुवारीतला तुमचा फोन, मार्चमधली त्यांच्या ऑफिसातली भेट, व्हॉट्सॲपवरचा तो व्हॉइस मेसेज हे सगळं तारखेनंतरचं आहे. ते सोडून द्या.

पण तुमच्या कागदांत तळाशी एक ईमेल सापडला. १९ जानेवारी, तुमच्या अकाउंटंट मॅडमनी पार्टनरच्या सपोर्टच्या पत्त्यावर पाठवलेला : "पुढील वर्षापासून आम्ही आपल्यासोबत राहणार नाही, ३१ मार्चपर्यंतचा पूर्ण बॅकअप तयार ठेवावा." त्याला २२ जानेवारीला उत्तर आहे : "नोंद घेतली, बॅकअपची व्यवस्था करू." तुम्ही हा ईमेल बिलांच्या गठ्ठ्यात ठेवला होता. तुमच्याकडे जे काही आहे, ते हेच आहे.

समोरचा वकील म्हणेल, नोटीस नोंदणीकृत डाकेने नव्हती, नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर नव्हती, संचालकाची सही नव्हती. तिन्ही आक्षेप घेण्यासारखे आहेत. तरी माझं मत तुमच्या बाजूने झुकतं, कारण नोटिशीचा हेतू समोरच्याला वेळेत कळावं हा असतो आणि २२ जानेवारीच्या उत्तरात त्यांनी स्वतःच कळल्याचं लिहून दिलंय. शिवाय भारतीय डाक खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन केली. कराराच्या जुन्या शब्दावर आज हटून बसणं त्यांनाही जड जाईल. पण सगळा भार या मुद्द्यावर टाकू नका. पत्र स्पीड पोस्टने नोंदणीसह जाऊ शकलं असतं, असं ते म्हणतीलच. भार टाकायचा तो त्यांच्या उत्तरावर.

म्हणून तो ईमेल जपा. फॉरवर्ड करत फिरवू नका, स्क्रीनशॉटवर भागवू नका. ज्या खात्यातून गेला ते खातं आणि तो संगणक जसाच्या तसा राहू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुमच्याकडच्या जबाबदार माणसाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. अकाउंटंट मॅडम नोकरी सोडून जाण्याआधी हे करून घ्या. सात वर्षांत तुमचे तीन अकाउंटंट बदलल्याचं तुम्हीच लिहिलंय.

आता एप्रिलच्या बिलाबद्दल. भरू नका. शांततेसाठी एक तिमाही भरली तर जानेवारीतला नकार तुम्हीच धुऊन टाकता. करार वाढल्याचं तुमच्या वागण्यातूनच मान्य झालं, हे सांगायला त्यांना दुसरं काही लागणार नाही. इथे एक बारीक जागा आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही. ते बिल त्यांनी जीएसटी विवरणात दाखवलं की पोर्टलवरच्या इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीममध्ये तुमच्यासमोर येतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय सुरू आहे, आणि तिथे तुम्ही काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरलं जातं. सवयीप्रमाणे इनपुट क्रेडिटही (त्या बिलावरच्या जीएसटीची वजावट) घेतलं जाईल. करखात्यापुरतं ते गृहीत धरलेलं आहे, करार त्याने सिद्ध होतोच असं मी म्हणणार नाही. पण लवादापुढे (कोर्टाऐवजी वाद सोडवणाऱ्या पंचापुढे) त्या पानाची प्रत ठेवायला समोरचा वकील चुकणार नाही. तुमच्या सीएंना आजच फोन करा. एप्रिलचं ३बी हे जीएसटी विवरण भरण्याआधी ते बिल तिथे नाकारलं गेलं पाहिजे.

जानेवारी ते मार्चचं ४५,००० रुपयांचं बिल मात्र ताबडतोब भरा. सेवा वाईट होती म्हणून ते अडवून ठेवल्याचं लिहिलंय. त्या तिमाहीत त्यांनी काम केल्याचे चलन आणि तक्रारींच्या नोंदी (तिकिटं) तुमच्याच कागदांत आहेत. ते सरकारच्या 'उद्यम' नोंदणीतले सूक्ष्म किंवा लघु उद्योग असतील, आणि असे पार्टनर बहुधा असतातच, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने त्यांना त्यांच्या भागातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (अशा उद्योगांची थकबाकी मिळवून देणारी सरकारी परिषद) जाता येतं. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. पुढे व्याज बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. ४५,००० साठी त्यांच्या हातात हे हत्यार का देता? भरताना ईमेलमध्ये लिहा की ही रक्कम ३१ मार्चपर्यंतच्या सेवेची आहे, पुढच्या कोणत्याही मुदतीची नाही.

आता बॅकअप. तुमचं लॉगिन अजून चालू आहे ना? मग हे वाचून झाल्यावर पहिलं काम तेच. नोटिशीची भाषा नंतर ठरवू. पूर्ण डेटा उतरवून घ्या, कारखान्यातल्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा, ३१ मार्चची ट्रायल बॅलन्स (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) जुळते का बघा. तुमच्या चलनात हीट नंबर (धातूच्या ओतकामाचा क्रमांक) आणि शिल्लक स्क्रॅप हे खास रकाने आहेत. ते कस्टमायझेशनमधून आलेले असल्यामुळे डेटा गेला तरी नव्या ठिकाणी दिसतीलच असं नाही. ते रजिस्टर वर्षवार एक्सेलमध्ये काढून ठेवा. टॅलीचं लायसन्स कोणाच्या ईमेलवर आहे तेही आजच पाहा. तो पार्टनरचा जीमेल निघाला तर लायसन्सचं बिल हाताशी धरून टॅलीकडे बदलाची मागणी करा. लायसन्स तुमच्या कंपनीने घेतलंय. वर्षाचं टीएसएस ही सॉफ्टवेअरच्या अपडेटसाठीची टॅलीची वर्गणी आहे आणि एएमसी हे पार्टनरचं स्वतःचं काम. एकाच बिलात आलं म्हणून ते एक होत नाही.

पैसे मिळेपर्यंत डेटा अडवण्याचा हक्क त्यांना आहे का? करार कायद्याच्या कलम १७१ ने सरसकट ताबा ठेवण्याचा हक्क बँकर, हायकोर्टाचे वकील अशा मोजक्यांनाच दिलाय. इतरांना त्यासाठी स्पष्ट करार लागतो. तुमच्या करारात तसं काही मला दिसलं नाही. कंपनी म्हणून हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं सांभाळायची जबाबदारी तुमची आहे, रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायची सुद्धा, आणि २०२३ च्या एप्रिलपासूनचा ऑडिट ट्रेलही (नोंदीत कधी काय बदललं याची आपोआप राहणारी नोंद) शाबूत लागतो. नोटिशीत हे स्वच्छ लिहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ ची धमकीही लोक देतात. अधिकृत माणसाचा प्रवेश अडवणं त्यात येतं, भरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे अर्जही करता येतो. पण सर्व्हर त्यांचा आहे, त्यामुळे तिथे वाद होईल. त्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही.

कस्टमायझेशनच्या फाइल्सना हात लावू नका. पैसे तुम्ही दिलेत म्हणून कोड तुमचा होत नाही. बाहेरच्याकडून करून घेतलेल्या प्रोग्रॅमचा कॉपीराइट सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो आणि हस्तांतर लेखी असावं लागतं. तुमच्याकडे तसा कागद नाही. नव्या पार्टनरला चलन नव्याने लिहायला सांगा, जुनी फाइल फोडायला सांगू नका.

कोर्टाचं म्हणाल तर मन घट्ट करा. करारात लवाद आहे, स्थळ मुंबई, आणि लवाद नेमणार पार्टनर कंपनीचे संचालक. अशी एकतर्फी नेमणूक टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून हे स्पष्ट आहे. पण लवादाचा करार शिल्लक राहतो. कोल्हापूरला आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे म्हणून प्रकरण इथे चालेल, या समजात राहू नका. स्थळ मुंबई असेल तर बहुधा मुंबईलाच जावं लागेल. डेटासाठी लवाद कायद्याच्या कलम ९ खाली तातडीचा हुकूम मागता येतो, तो मिळाला की ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. पण "तातडीचा" हा नुसता शब्द आहे. बोर्डावर प्रकरण कधी लागेल, पुढची तारीख किती आठवड्यांनी पडेल, हे सांगायला मी धजत नाही. जीएसटी विवरणाच्या मुदती कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाहीत. म्हणून तर बॅकअप आजच म्हणतोय. ग्राहक आयोगाचा विचार सोडा, धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला तिथे सहसा थारा नसतो.

आणि समजा कोर्टाने करार वाढला असं मानलंच, तरी ५,४०,००० सरळ देणं लागत नाही. करार कायद्याच्या कलम ७३ आणि ७४ खाली भरपाई वाजवीच मिळते, न केलेल्या कामाचं पूर्ण मोल नाही. वाचलेला खर्च, मिळालेलं दुसरं गिऱ्हाईक हे सगळं त्यात बघितलं जातं. नेमका आकडा आज कोणी वकील सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

राहिली मागच्या तारखेची नोटीस. हा विचार डोक्यातून काढून टाका. डाकेच्या नोंदीत खरी तारीख असते, ते पत्र खोटं ठरेल, फौजदारी प्रकरण अंगावर येईल, आणि त्याच्यासोबत १९ जानेवारीचा खरा ईमेलही संशयात जाईल. पत्र आजच्याच तारखेचं पाठवा, कंपनीच्या लेटरहेडवर, संचालकाच्या सहीने, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह आणि ईमेलनेही. मजकूर एवढाच : "आमच्या १९ जानेवारीच्या ईमेलने आम्ही नूतनीकरणास नकार कळवला होता. आपण २२ जानेवारीच्या ईमेलने त्याची नोंद घेतली आहे. सबब करार ३१ मार्च रोजी संपला आहे. एप्रिलचे बिल आम्हाला मान्य नाही. आमचा संपूर्ण डेटा सात दिवसांत सुपूर्द करावा." शिव्या नकोत, फोन न उचलल्याच्या तारखा नकोत. आणि पुण्याच्या पार्टनरचा करार सही करण्याआधी मला पाठवा. नूतनीकरणाचं कलम कितव्या पानावर आहे ते या वेळी तुम्ही स्वतः शोधून त्यावर खूण करून पाठवा.