वाचक विचारतात : सिक्कीममध्ये ‘स्थानिक’ कोणाला म्हणायचे?

मागील अंकातील सिक्कीमच्या प्रवासलेखावर बरीच पत्रे आली. हॉटेलांचे दर आणि हंगाम विचारणारी पत्रे बाजूला ठेवून, राज्याचा इतिहास आणि समाज यांविषयीच्या प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

सिक्कीम १९७५ साली भारतात आले असे वाचले. मग त्याआधी ते परदेश होते का? — एक वाचक, मिरज

ते पुरते परदेशही नव्हते आणि पुरते भारतातही नव्हते. १८६१ च्या तुमलाँग तहापासून सिक्कीम ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि ५ डिसेंबर १९५० च्या तहाने ती जागा भारताने घेतली. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण दिल्लीकडे, तर अंतर्गत कारभार चोग्यालकडे, म्हणजे राजाकडे, अशी ती वाटणी होती. या नामग्याल घराण्याची सत्ता १६४२ मध्ये युकसोम येथे झालेल्या फुन्त्सोग नामग्यालच्या राज्याभिषेकापासून मानली जाते.

पुढचे सगळे राजकारण समजून घ्यायचे तर तिथली वस्ती आधी लक्षात घ्यावी लागते. लेपचा हे मूळचे रहिवासी. राज्यकर्ते भुतिया तिबेटकडून आलेले. आणि एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८८९ मध्ये ब्रिटिश अधिकारी क्लॉड व्हाइट नेमला गेल्यानंतर, त्याच्या उत्तेजनाने नेपाळी भाषक शेतकरी मोठ्या संख्येने येऊन डोंगरउतार लागवडीखाली आणू लागले. विसाव्या शतकात हे नेपाळी भाषक बहुसंख्य झाले, पण सत्ता राजवाड्यातच राहिली. १९५० च्या दशकात निवडणुका सुरू झाल्या, तेव्हा भुतिया-लेपचांना मिळून जितक्या जागा दिल्या तितक्याच नेपाळींना दिल्या गेल्या, आणि वर राजाने नेमलेले सदस्य होतेच. साहजिकच असंतोष साठत गेला. १९७३ च्या आंदोलनानंतर चोग्याल, राजकीय पक्ष आणि भारत सरकार यांच्यात ८ मे रोजी करार झाला. १९७४ च्या निवडणुकीत काझी लेंडुप दोर्जी यांच्या सिक्कीम काँग्रेसने ३२ पैकी ३१ जागा जिंकल्या. एप्रिल १९७५ मध्ये भारतीय सैन्याने राजवाड्याच्या रक्षकांना निःशस्त्र केले आणि त्यानंतर काही दिवसांतच, १४ एप्रिलला, सार्वमत झाले. विलीनीकरणाच्या बाजूने ५९,६३७ आणि विरोधात १,४९६ मते पडली. १६ मे १९७५ पासून सिक्कीम भारताचे बाविसावे राज्य झाले.

सैन्य आधी आणि सार्वमत नंतर, हा क्रम झाकण्यात अर्थ नाही. मात्र हे सारे दिल्लीनेच घडवले असे म्हणणाऱ्यांनी १९७४ च्या निकालाकडेही पाहावे. लोक राजवाड्याला कंटाळले होते, हे त्यात स्वच्छ दिसते.

तेथे बौद्ध भिक्खूंसाठी विधानसभेची वेगळी जागा आहे, हे खरे का? — एक वाचक, अमरावती

खरे आहे. विधानसभेच्या ३२ जागांपैकी १२ भुतिया-लेपचांसाठी, दोन अनुसूचित जातींसाठी आणि एक ‘संघ’ म्हणून राखीव आहे. या संघ मतदारसंघाला नकाशावर हद्द नाही. मान्यताप्राप्त मठांत नाव असलेले भिक्खू आणि भिक्खुणीच त्याचे मतदार असतात, उमेदवारही त्यांच्यातलाच असतो, आणि मतदान केंद्रावर त्यांच्यासाठी निराळे यंत्र ठेवलेले असते. १९५८ पासून राज्य परिषदेत मठांना असलेली जागा विलीनीकरणानंतर पुढे चालू राहिली. धर्मावर आधारलेला मतदारसंघ घटनेत बसतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९९३ मध्ये न्यायालयाने बहुमताने ही रचना ग्राह्य ठरवली. सिक्कीमला खास तरतुदी देणारा अनुच्छेद ३७१-फ हा त्याचा आधार होता. धर्मनिरपेक्ष राज्यघटनेत ही जागा खटकणारच. परंतु ती काढली तर विलीनीकरणाच्या वेळी दिलेला शब्द मोडल्यासारखे होईल, असे तेथील बौद्धांना वाटते, आणि ते चुकीचे म्हणता येत नाही. लिंबू आणि तमांग या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, पण विधानसभेतील राखीव जागांची त्यांची मागणी तेव्हापासून लोंबकळत पडली आहे.

सिक्कीमच्या लोकांना आयकर भरावा लागत नाही म्हणतात. निवृत्तीनंतर तेथे जाऊन राहिले तर आम्हालाही सवलत मिळेल का? — एक वाचक, ठाणे

नाही मिळणार. राजाच्या काळातील १९६१ च्या नियमानुसार ‘सिक्कीम प्रजाजन’ म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांना आणि त्यांच्या वंशजांना मुख्यतः ही सवलत होती, आणि २००८ मध्ये ती आयकर कायद्यात लिहिली गेली. त्या तरतुदीतून दोन गट वगळले होते. एक, विलीनीकरणापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या तेथे व्यापार करणारी, पण भारतीय नागरिकत्व न सोडलेली घराणी. आणि दुसरा, १ एप्रिल २००८ नंतर बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलेल्या सिक्कीमी स्त्रिया. बाहेरची बायको आणणाऱ्या पुरुषाची सवलत मात्र अबाधित होती! १३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही भेदभाव रद्द केले. त्याच निकालपत्रात सिक्कीमी नेपाळींचा उल्लेख परकीय मूळचे असा आला, तेव्हा गंगटोकमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारीत न्यायालयाने तो उल्लेख काढून टाकला. शंभर-सव्वाशे वर्षे राहूनही परके ठरवले जाण्याची भीती किती ताजी आहे, हे त्यावरून कळावे.

जमिनीचेही तसेच आहे. भुतिया-लेपचांची जमीन इतरांना विकण्यास १९१७ चा राजाचा आदेश आजही आड येतो.

संपूर्ण राज्य सेंद्रिय आहे, ही केवळ जाहिरात तर नाही? — एक वाचक, नाशिक

जाहिरात नाही. २००३ मध्ये विधानसभेत ठराव झाला, रासायनिक खते टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये सुमारे ७५,००० हेक्टर शेती सेंद्रिय म्हणून जाहीर झाली. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारी मसाला वेलची देशात सर्वाधिक तेथेच पिकते. झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या या पिकाला खते पूर्वीही फारशी घालत नसत. मात्र तांदूळ आणि भाजीपाला आजही मोठ्या प्रमाणात सिलिगुडीहून चढतो, आणि तो सेंद्रिय असतोच असे नाही.

इतक्या शांत, सुशिक्षित राज्यात आत्महत्यांचे प्रमाण जास्त कसे? — एक वाचक, रत्नागिरी

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत लाखामागे ४३.१ असा देशातील सर्वाधिक दर सिक्कीमचा होता. देशाची सरासरी १२.४ होती. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या जेमतेम ६,१०,५७७ होती, त्यामुळे थोड्या घटनांनीही दर वरखाली होतो हे खरे. तरी तो वर्षानुवर्षे वरच राहिला आहे, म्हणून केवळ गणिताकडे बोट दाखवून सुटका नाही. शिकलेल्या तरुणांची सरकारी नोकरीवरची भिस्त, व्यसने आणि गुंगीच्या गोळ्यांचा फैलाव ही कारणे तेथे वारंवार मांडली जातात. एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. (मनावर ताण असेल तर कोठूनही १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर बोलता येते.)

याच्याच जोडीला घटत्या जन्मदराची चिंता आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सिक्कीमचा प्रजनन दर १.१, म्हणजे देशात सर्वांत कमी, निघाला. २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या अपत्यासाठी सरकारी नोकरीतील स्त्रियांना वेतनवाढ जाहीर केली, ती मुख्यतः स्थानिक समाजांची संख्या घटेल या धास्तीपोटी. इकडे रस्ते, धरणे आणि बांधकामे यांवर राबणारे कित्येक हात बिहार आणि बंगालचे आहेत, आणि त्यांच्या मुलांना स्थानिक म्हणायचे की नाही, हा प्रश्न तेथील कोणताही पक्ष अद्याप मोकळेपणाने हाताळत नाही.