टप्पा पडतो तेव्हा जमीन किती जोर लावते?

प्रश्न : टेनिसचा चेंडू हातातून सोडला की तो फरशीवर आपटून परत वर येतो. क्लासमध्ये सांगितलं की चेंडू जमिनीला जेवढ्या बलाने रेटतो तेवढ्याच बलाने जमीन चेंडूला उलट रेटते, आणि ही दोन्ही बलं संतुलित होतात. मग चेंडू तिथेच का थांबत नाही? तसंच, अगदी खाली तो क्षणभर थांबतो तेव्हा त्याच्यावरचं बल शून्य असतं का?
– इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तुला पडलेली शंका खरी आहे आणि ती तू सोडून दिली नाहीस याचा मला फार आनंद झाला. बलं खरंच संतुलित झाली असती तर टप्पा पडलाच नसता.

गोंधळ एका ठिकाणी आहे. दोन बलं एकमेकांना निष्प्रभ करतात ती एकाच वस्तूवर लागली असतील तर. चेंडूने दिलेला रेटा जमिनीवर लागतो, जमिनीने दिलेला रेटा चेंडूवर लागतो. या दोघांची वजाबाकी करायचं काही कारणच नाही. म्हणून कागदावर फक्त चेंडू काढ. फरशी काढू नकोस, हात काढू नकोस. आता चेंडूवर कोण कोण बल लावतंय ते बघ. पृथ्वी त्याला खाली ओढते, ते त्याचं वजन. फरशी त्याला वर ढकलते. हवेचा विरोध इथे किरकोळ आहे, तो सोडून दे. उरले दोन बाण, आणि हे दोन बाण समान असलेच पाहिजेत असं न्यूटनचा कुठलाही नियम सांगत नाही. वजनाची जोडी फरशीच्या रेट्याशी नाहीच. चेंडूही पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढत असतो, ती वजनाची खरी जोडी. टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाच्या बाबतीत वजन आणि टेबलाचा रेटा सारखे निघतात आणि मुलं तोच नियम समजून बसतात. म्हणून ते उदाहरण मी वर्गात सगळ्यांत शेवटी घ्यायचे.

आता टप्प्याच्या आत शिरू. चेंडू फरशीला नुसता शिवतो त्या क्षणी फरशीचा रेटा शून्य असतो. चेंडू दबायला लागला की रेटा वाढू लागतो. अगदी सुरुवातीला तो वजनापेक्षा कमीच असतो, म्हणजे फरशीला टेकल्यावरही चेंडूचा वेग कणभर वाढतच असतो! पण हे फारच थोडा वेळ. रेटा वजनाला गाठतो, ओलांडतो, आणि तिथून चेंडू मंदावायला लागतो. जास्तीत जास्त दबला की वेग शून्य होतो. तुझा दुसरा प्रश्न याच क्षणाचा आहे. तेव्हा बल शून्य नसतं. उलट, चेंडू सगळ्यांत जास्त दबलेला असल्यामुळे फरशीचा रेटा जवळजवळ सर्वांत मोठा असतो. वेग शून्य आहे म्हणून बल शून्य, ही समजूत मोडायला मला प्रत्येक तुकडीत बराच वेळ द्यावा लागायचा. बलाचा संबंध वेगाशी नसून वेग किती झपाट्याने बदलतोय याच्याशी आहे, आणि या क्षणी तो खालच्या दिशेकडून वरच्या दिशेकडे अतिशय झपाट्याने बदलत असतो.

किती मोठा रेटा? चेंडू 57 ग्रॅमचा धरू आणि 1 मीटरवरून सोडू. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या चाचणीत चेंडू 254 सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडतात आणि नेहमीच्या प्रकारचा चेंडू 135 ते 147 सेंटिमीटर उसळावा लागतो. तेच प्रमाण धरलं तर आपला चेंडू साधारण 55 सेंटिमीटर वर येईल. खाली यायला त्याला 0.45 सेकंद लागतात, वर जायला 0.34. म्हणजे गुरुत्वाकर्षण त्याला जवळपास 0.79 सेकंद खाली ओढत राहिलं. कठीण जमिनीवर टेनिसचा चेंडू टेकलेला असतो सुमारे 0.005 सेकंद. हातातून सुटताना आणि उसळून वर पोचल्यावर, दोन्ही वेळा चेंडूचा वेग शून्य असतो. म्हणून गुरुत्वाकर्षणाने 0.79 सेकंदात खालच्या दिशेने जेवढा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दिला, तेवढाच फरशीला वरच्या दिशेने या 0.005 सेकंदात द्यायचा आहे. भागाकार करून बघ. फरशीचा सरासरी रेटा चेंडूच्या वजनाच्या दीडशे पटींहून जास्त! वजन अर्ध्या न्यूटनच्या थोडं वर, आणि रेटा सुमारे 88 न्यूटन, म्हणजे नऊ किलोची पिशवी उचलायला लागेल तेवढा. हा हिशेब मला इतका आवडतो की दरवर्षी मी तो फळ्यावर नव्याने करायचे. गादीवर चेंडू टाकलास तर टेकण्याचा वेळ वाढतो आणि रेटा त्या प्रमाणात उतरतो.

तू क्रिकेट बघत असशील तर हेही लक्षात घे. चेंडू फिरत आला की टप्प्याला घर्षण त्याला बाजूला ढकलतं. घर्षण जास्तीत जास्त किती होऊ शकतं हे चेंडूच्या वजनावर नाही, फरशीच्या रेट्यावर ठरतं. रेटाच एवढा प्रचंड असतो, म्हणून हलका चेंडूही टप्प्यावर इतका वळू शकतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण सांगते. फरशी जागची हलत नाही, त्यामुळे ती चेंडूवर कार्य करत नाही. बल देते, ऊर्जा देत नाही. चेंडूला वर नेणारी ऊर्जा दबलेल्या रबरात आणि आतल्या हवेत साठलेली असते. त्यातली काही उष्णता होऊन जाते, थोडी आवाजात जाते, म्हणून चेंडू पहिल्या उंचीला पोचत नाही. 1687 साली छापलेल्या ‘प्रिन्सिपिया’त न्यूटनने लोलकाला गोळे टांगून केलेल्या टकरींचे आकडे दिले आहेत. घट्ट गुंडाळलेल्या लोकरीचे गोळे आदळण्याच्या वेगाच्या 5/9 वेगाने एकमेकांपासून दूर गेले, काचेचे 15/16 वेगाने. काच रबरासारखी दिसत नाही, तरी उसळीत तिने तुझ्या टेनिसच्या चेंडूला मागे टाकलं, कारण त्याचं हे प्रमाण साधारण 3/4 आहे.

घरी करून बघायचं असेल तर स्टेशनरीच्या दुकानातून कार्बन पेपर आण. फरशीवर पांढरा कागद, त्यावर कार्बनची काळी बाजू खाली, आणि चेंडू सोड. गोल ठसा उठेल. ठशाच्या त्रिज्येचा वर्ग करून त्याला चेंडूच्या व्यासाने भाग, म्हणजे चेंडू किती दबला ते अंदाजे मिळेल. ठसा 4 सेंटिमीटर रुंद आला आणि चेंडूचा व्यास 6.6 सेंटिमीटर असेल, तर 4 भागिले 6.6, म्हणजे साधारण 6 मिलिमीटर. टेनिसच्या चेंडूवरच्या लवेमुळे ठशाची कड पुसट येते. गुळगुळीत रबरी चेंडू मिळाला तर आधी त्यावर कर, आणि उंची दुप्पट करून दोन्ही ठसे शेजारी शेजारी मोज.