लढायचंच नाही असं ठरवलेला देशही मोठ्या युद्धात कसा ओढला जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एखादा देश "आम्ही कुणाच्याच बाजूने नाही" असं युद्धाच्या सुरुवातीलाच जाहीर करतो, त्याला कुणाची जमीन नको असते, कुणाशी वैर नसतं, तरी काही महिन्यांत तोही युद्धात सापडतो. हे होतं कसं, आणि चूक त्याची की बड्या देशांची?

यावर लोक सहसा बेल्जियमचं उदाहरण देतात. 1839 च्या लंडन करारात बड्या सत्तांनी बेल्जियमच्या तटस्थतेची हमी दिली होती, पुढे ज्याच्याभोवती जर्मनी उभा राहिला तो प्रशियासुद्धा त्यात होता. 2 ऑगस्ट 1914 च्या संध्याकाळी जर्मनीने ब्रुसेल्सला खलिता दिला: आमच्या सैन्याला फ्रान्सकडे जायला वाट द्या, बारा तासांत उत्तर हवं. बेल्जियमने नकार दिला, 4 तारखेला जर्मन सैन्य आत घुसलं, आणि त्याच दिवशी जर्मन चॅन्सेलर बेथमान-हॉलवेग ब्रिटिश राजदूताशी बोलताना त्या कराराला "कागदाचा कपटा" म्हणून गेले. गोष्ट खरी आहे, पण फार सरळ आहे. घर वाटेत होतं, दार फोडलं. माझ्या मते जास्त शिकण्यासारखं आहे ते 1940 च्या नॉर्वेकडून. तिथे सगळं हळूहळू घडलं, आणि बराच काळ प्रत्येक जण नियमावर बोट ठेवून वागत होता.

नियम काय, ते आधी सांगतो. 1907 च्या हेग करारांप्रमाणे तटस्थ देशाला नुसतं गप्प बसून भागत नाही. लढणाऱ्यांचं सैन्य आपल्या जमिनीवरून जाऊ द्यायचं नाही, आपल्या पाण्यात कुणाला लढू द्यायचं नाही, आपलं बंदर कुणाला तळ म्हणून वापरू द्यायचं नाही, आणि हे सगळं दोन्ही बाजूंना सारखंच लावायचं. म्हणजे तटस्थाच्या अंगावर रखवालदारी येते. एका बाजूला त्याला अडवता आलं नाही, की दुसरी म्हणते, "तुला जमत नाही ना, मग आम्ही बघतो." तटस्थ देश ओढले जातात ते बहुतेक वेळा या फटीतून. आणि फटीत कोणी पाय घालायचा हे ठरतं त्या देशाकडे काय आहे यावरून: वाट, माल, जहाजं, बंदर.

नॉर्वेकडे चारही होतं.

स्वीडनच्या उत्तरेला किरुना आणि येलिवारे इथल्या खाणींत उत्तम प्रतीचं लोहखनिज निघतं. जर्मनीच्या पोलाद कारखान्यांना ते हवंच होतं. उन्हाळ्यात हा माल स्वीडनच्याच लुलेओ बंदरातून बाल्टिकमार्गे जायचा. पण हिवाळ्यात तो समुद्र गोठतो. मग खनिजाच्या आगगाड्या डोंगर ओलांडून नॉर्वेच्या नार्विक बंदरात यायच्या, कारण गरम सागरी प्रवाहामुळे नार्विक बारा महिने उघडं असतं. तिथून जर्मन मालवाहू जहाजं नॉर्वेच्या किनाऱ्याला चिकटून, बेटांच्या आडून दक्षिणेला सरकायची. हे सगळं पाणी नॉर्वेच्या हद्दीतलं. ब्रिटिश आरमार बाहेरच्या समुद्रात उभं, समोरून शत्रूचा माल चाललाय, आणि हात लावायची सोय नाही. नॉर्वे कुठलाही नियम मोडत नव्हता. व्यापारी जहाजांना हद्दीतून जाऊ देणं पूर्ण कायदेशीर होतं. दुसरीकडे नॉर्वेचे जहाजमालक आपले तेलवाहू टँकर ब्रिटनला भाड्याने देत होते, तेही कायदेशीरच. दोघांनाही काहीतरी मिळत होतं, आणि दोघांनाही दुसऱ्याला मिळतंय ते खुपत होतं.

फेब्रुवारी 1940 मध्ये या पाण्यात अल्टमार्क नावाचं जर्मन जहाज शिरलं. ते 'ग्राफ स्पे' या जर्मन युद्धनौकेला रसद पुरवणारं जहाज. ग्राफ स्पेने दक्षिण अटलांटिकमध्ये जी ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवली, त्यांवरचे सुमारे तीनशे खलाशी अल्टमार्कच्या तळघरात कोंडलेले होते. नॉर्वेचे अधिकारी तपासणीला जहाजावर चढले, एकदा नव्हे, अनेकदा. खाली कैदी ठोकाठोक करत होते, शिट्ट्या फुंकत होते. आवाज दबावा म्हणून जर्मनांनी वर माल चढवायची यंत्रं खडखडवत ठेवली. अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, तळघर उघडून पाहिलं नाही, आणि जहाज पुढे सोडलं. मला या प्रसंगात नेहमी त्या अधिकाऱ्यांची जागा दिसते. तळघर उघडलं तर जर्मनी भडकणार, नाही उघडलं तर ब्रिटन. त्यांनी न बघण्याचा मार्ग पत्करला. माणूस म्हणून मला ते समजू शकतं, पण रखवालदाराने तेवढंच करायचं नसतं.

16 फेब्रुवारीच्या रात्री 'कोसॅक' ही ब्रिटिश विनाशिका योसिंगफ्योर्ड नावाच्या अरुंद खाडीत घुसली आणि अल्टमार्कला भिडली. नौसैनिक त्यावर चढले, हातघाईत काही जर्मन मेले, कैदी सुटले. तिथे हजर असलेल्या नॉर्वेच्या छोट्या टॉर्पेडो नौकांनी निषेध नोंदवला, गोळी झाडली नाही. आता दोन्ही बाजूंचा निष्कर्ष बघा. ब्रिटन म्हणालं, नॉर्वेने आमच्या माणसांना शत्रूच्या जहाजातून नेऊ दिलं. हिटलर म्हणाला, नॉर्वे आपलं पाणी ब्रिटिशांपासून राखू शकत नाही किंवा राखू इच्छित नाही. नॉर्वेवरच्या चढाईचा विचार आधीपासून चालू होता, पण या घटनेनंतर पाचच दिवसांत तिच्यासाठी जनरल फाल्कनहोर्स्टची नेमणूक झाली. 8 एप्रिलला ब्रिटनने "आम्ही नॉर्वेच्या पाण्यात सुरुंग पेरले" असं जाहीर केलं. नॉर्वेचं सरकार लंडनला निषेधाचा खलिता लिहीत होतं, तेव्हा जर्मन नौका समुद्रात कधीच निघाल्या होत्या. 9 तारखेला पहाटे त्या ओस्लोपासून नार्विकपर्यंत येऊन धडकल्या.

ओस्लोच्या खाडीतला प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑस्कर्सबोर्ग हा तिथला जुना किल्ला. त्याच्या मोठ्या तोफा 1890 च्या दशकातल्या, आणि गंमत म्हणजे जर्मनीच्याच क्रुप कारखान्यात ओतलेल्या. अंधारातून एक मोठी युद्धनौका येतेय, तिचं नाव ब्ल्यूशर हे किल्ल्याला माहीत नाही, देश युद्धात आहे की नाही हेही वरून कुणी सांगितलेलं नाही. किल्लेदार कर्नल बिर्गर एरिक्सन निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी तोफ डागायचा हुकूम दिला. दोन तोफांचा एकेक गोळा लागला, पाठोपाठ किल्ल्याच्या पोटात दडवलेले जुने टॉर्पेडो लागले, आणि जर्मनीची कोरी करकरीत क्रूझर सकाळी बुडाली. त्या काही तासांत राजा हाकोन, मंत्रिमंडळ आणि संसद गाडीने राजधानीबाहेर पडले, बँकेतलं सोनंही हललं. दुसऱ्या दिवशी राजाने मंत्र्यांना सांगितलं की जर्मनांच्या मागणीप्रमाणे त्यांच्या बाजूच्या क्विसलिंग या नॉर्वेजियन नेत्याला पंतप्रधान नेमायचं असेल तर मी गादी सोडतो. तटस्थ नॉर्वे लढणारा देश झाला तो इथे, आणि त्यानंतर 62 दिवस लढला.

कुणी म्हणेल, शेजारचा स्वीडन वाचलाच की. वाचला, पण कसा तेही बघायला हवं. खनिज जर्मनीला जातच राहिलं. नॉर्वे पडल्यावर जर्मन सैनिकांना रजेसाठी ये-जा करायला स्वीडनने आपली रेल्वे वापरू दिली, आणि जून 1941 मध्ये तर एक अख्खी जर्मन डिव्हिजन नॉर्वेहून फिनलंडकडे स्वीडनमधून जाऊ दिली. हेगच्या नियमात हे बसत नाही. 1943 मध्ये वारं फिरल्यावर ही वाट बंद झाली. मी स्वीडनला नावं ठेवत नाही. जे लढून मिळालं असतं ते मागून मिळत असेल तर कोण कशाला चढाई करेल? पण "स्वीडन तटस्थ राहिला" हे वाक्य मला पचत नाही. तो युद्धाबाहेर राहिला, एवढंच म्हणता येईल.

आता दुबळ्यांना सोडून बलाढ्य तटस्थाकडे येऊ, कारण अमेरिकेला 1914 मध्ये दाराशी येऊन कुणी धमकावू शकत नव्हतं. तिथे ओढणारा दोर व्यापाराचा होता. तटस्थ देशातल्या खाजगी व्यापाऱ्याने कुणालाही माल विकावा, कायद्याची आडकाठी नव्हती. पण समुद्र ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात, त्यामुळे माल पोचायचा तो एकाच बाजूला. परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की लढणाऱ्यांना कर्ज देणं तटस्थतेच्या भावनेला धरून नाही. ते धोरण वर्षभरही टिकलं नाही. 1915 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून अमेरिकन बाजारातून 50 कोटी डॉलरचं कर्ज उभारलं. हा व्यापार तोडायला जर्मनीकडे एकच हत्यार होतं, पाणबुडी. 7 मे 1915 ला पाणबुडीच्या हल्ल्यात लुसिटानिया ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडाली, मेलेल्या सुमारे बाराशेंत 128 अमेरिकन. ब्रिटिश नाकेबंदीने अमेरिकेचा माल अडत होता, जर्मन पाणबुडीने माणसं मरत होती. नियमभंग दोघांचे, पण राग सारखा येणं शक्यच नव्हतं. ब्रायन यांनी जूनमध्ये राजीनामा दिला, कारण जर्मनीला कडक भाषा वापरायची आणि ब्रिटनला नाही, हे त्यांना मान्य नव्हतं.

तरीही राष्ट्राध्यक्ष विल्सन 1916 ची निवडणूक "त्यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं" या घोषणेवर जिंकले. मग 1 फेब्रुवारी 1917 पासून जर्मनीने पाणबुड्यांना मोकळं सोडलं, आणि त्याच सुमारास ती प्रसिद्ध तार आली: जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमानने मेक्सिकोला कळवलेलं, की अमेरिकेशी युद्ध पेटलं तर आमच्या बाजूने या, टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवून देऊ. जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा ब्रिटनने युद्धाच्या सुरुवातीलाच तोडल्या होत्या, म्हणून शांततेच्या वाटाघाटींसाठी विल्सन यांनी आपली राजनैतिक तार जर्मनीला वापरायला दिली होती. कट गेला तो त्याच तारेवरून. ती तार ब्रिटनमधून जात होती, आणि ब्रिटिश ती चोरून वाचत होते. म्हणजे एकाने तटस्थाच्या सौजन्याचा गैरफायदा घेतला, दुसऱ्याने त्याचं टपाल फोडलं. 6 एप्रिलला अमेरिका युद्धात होती.

कधीकधी देशातलीच मंडळी आतून दार उघडतात. ऑगस्ट 1914 मध्ये ब्रिटनने उस्मानी साम्राज्यासाठी बांधलेल्या दोन युद्धनौका ऐनवेळी स्वतःकडे ठेवल्या. त्यांच्यासाठी तुर्की लोकांनी वर्गणी काढली होती, त्यामुळे संताप उसळला. लगोलग गोबेन आणि ब्रेस्लाउ या दोन जर्मन नौका पाठलाग चुकवत उस्मानींच्या ताब्यातल्या दार्दनेल्स सामुद्रधुनीत आल्या. तटस्थतेच्या नियमाप्रमाणे त्यांना 24 तासांत बाहेर काढायचं, तर त्या "विकत घेतल्या" असं जाहीर झालं, जर्मन खलाशांच्या डोक्यावर तुर्की फेझ टोप्या चढल्या. युद्धमंत्री एन्वर आणि मोजक्या मंडळींनी जर्मनीशी गुप्त तह 2 ऑगस्टलाच करून ठेवला होता. 29 ऑक्टोबरला त्याच नौकांनी रशियाच्या काळ्या समुद्रातल्या बंदरांवर तोफा डागल्या, मंत्रिमंडळातल्या काहींना हे नंतर कळलं.

चूक कोणाची, यावर मला सरसकट उत्तर देता येत नाही. उस्मानींनी जाणूनबुजून हात घातला, अमेरिकेने एका बाजूचा फायदा होतोय हे दिसत असून तोल सावरला नाही, नॉर्वेने आपल्या किनाऱ्याची राखण करण्याएवढं बळ वेळेवर उभं केलं नाही. पण इराणचं काय चुकलं हे मला अजून सापडलेलं नाही. रझा शाहने कॅस्पियनपासून पर्शियन आखातापर्यंत रेल्वे बांधली, 1938 मध्ये ती पुरी झाली. परदेशी कर्ज घेतलं की परदेशी पाय शिरतो, म्हणून पैसा उभा केला तो चहा आणि साखरेवर कर बसवून. युद्धात इराण तटस्थ राहिला. जून 1941 मध्ये जर्मनी रशियावर तुटून पडला, आणि रशियाला रसद पोचवायला दक्षिणेकडून एक आयती लोखंडी वाट हवी झाली. 25 ऑगस्टला दक्षिणेतून ब्रिटिश आणि उत्तरेतून सोव्हिएत सैन्य आत आलं. कारण सांगितलं इराणमधल्या जर्मन नागरिकांचं. तीन आठवड्यांत शाहला गादी सोडावी लागली. 1943 मध्ये त्या रेल्वेवर अमेरिकी लष्कराची माणसं गाड्या चालवत होती, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इराणने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं.